तंजावरच्या उत्तरेला लुप्त समुद्राची साक्ष : ‘एगर्टोनिया’ माशाची दंतपट्टिका काय सांगते?

तंजावर : येथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहण्यासाठी महाराष्ट्रातून अनेक जण आवर्जून येतात. दगडावर लिहिलेला हा इतिहास सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा आहे. मात्र मंदिरापासून उत्तरेकडे जाऊन कोल्लिडम नदी ओलांडली की अरियलूर जिल्हा लागतो आणि तेथील दगडांत याहून कितीतरी जुना इतिहास नोंदलेला आढळतो. तो माणसाने लिहिलेला नाही. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीपासून साडेसहा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत या भागात समुद्र कसा पसरला, कसा ओसरला आणि त्याच्या पाण्यात व काठावर कोण राहत होते, याची ती नोंद आहे.

या नोंदीतील एक छोटा, पण बोलका पुरावा २०१६ मध्ये प्रकाशात आला. अरियलूर परिसरातील ‘कल्लमेडू’ नावाच्या खडकस्तरात ‘एगर्टोनिया’ या नामशेष झालेल्या माशाच्या दंतपट्टिकेचा अवशेष सापडल्याचे थॉमस हॅलिडे, दिल्ली विद्यापीठाचे जी. व्ही. आर. प्रसाद, अंजली गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पेपर्स इन पॅलेओन्टॉलॉजी’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध केले. तळहातावर सहज मावेल असा हा पुरावा. डायनासोरच्या अजस्र हाडांच्या बातम्यांपुढे तो क्षुल्लक वाटेल. परंतु याच खडकांतून मिळालेली अजस्र हाडे आज अस्तित्वात नाहीत, आणि हा माशाचा अवशेष मात्र अभ्यासासाठी उपलब्ध झाला. जीवाश्म सापडणे आणि तो टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कल्लमेडूच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

माशाच्या तोंडात दातांची चवड

‘एगर्टोनिया’ हे एका प्रजातीचे, म्हणजे परस्परांशी निकटचे नाते असलेल्या जातींच्या गटाचे नाव आहे. या माशाचा संपूर्ण सांगाडा शास्त्रज्ञांच्या हाती नाही. त्याची ओळख मुख्यत्वे तोंडातील कठीण दंतपट्टिकांवरूनच पटलेली आहे. त्याला कारणही आहे. लहान माशाची हाडे नाजूक असतात. मासा मेल्यावर ती विखुरतात, कुजतात, इतर प्राणी खातात. दातांवरील चकचकीत कठीण आवरण मात्र लाखो वर्षे गाळात राहूनही आपला आकार टिकवून ठेवू शकते. त्यामुळे अनेक प्राचीन मासे आपल्याला केवळ दातांवरूनच ठाऊक आहेत.

माशांचे दात माणसाप्रमाणे केवळ जबड्यातच असतात असे नाही. आपल्या बाजारात मिळणाऱ्या रोहू माशाच्या जबड्यात दात नसतात. ते त्याच्या घशात असतात. एगर्टोनिया ज्या कुळात मोडतो त्या ‘फायलोडोंटिडी’ कुळातील माशांच्या तोंडाच्या छतावर एक आणि तळाशी एक अशा दातांनी भरलेल्या पट्टिका होत्या. भक्ष्य या दोन पट्टिकांमध्ये सापडले की जात्याच्या दोन पाळ्यांमध्ये दाणा भरडावा तसे भरडले जाई.

या पट्टिकांचे खरे वैशिष्ट्य पृष्ठभागावर दिसत नाही. ती आडवी कापली तर वापरात असलेल्या प्रत्येक दाताखाली त्याची जागा घेणारे दुसरे दात एकाखाली एक रचलेले दिसतात. विड्याच्या पानांची चवड लावावी तशी ही रचना असते. ‘फायलोडोंट’ या शब्दाचा ग्रीक भाषेतील अर्थही ‘पानासारखे दात असलेला’ असाच आहे. शंख, शिंपले किंवा खेकड्याचे कवच फोडताना वरचा दात झिजला की खालचा दात त्याची जागा घेण्यास तयार असे. याच कुळातील ‘फायलोडस’ या माशाच्या पट्टिकेत मध्यभागी मोठे, लांबट दात दिसतात. एगर्टोनियाचे दात मात्र लहान, गोलसर आणि जवळपास सारख्या आकाराचे असतात. लंडनजवळच्या चिकणमातीत सापडलेल्या त्याच्या जातीला ‘आयसोडोंटा’, म्हणजे समान दातांची, हे नाव त्यामुळेच मिळाले.

दातांच्या घडणीवरून प्राण्याचा आहार कळतो आणि आहारावरून त्याच्या परिसराचा अंदाज बांधता येतो. कवच फोडून खाणारा मासा जिथे आहे तिथे कवचधारी प्राणीही विपुल असले पाहिजेत. अरियलूरच्या चुनखडकांत शिंपल्यांचे थरच्या थर आढळतात, हे या दृष्टीने लक्षणीय आहे. एगर्टोनियाच्या कुळाचे नाते आजच्या टार्पन व बोनफिश या माशांच्या पूर्वजवंशाशी जोडले जाते. हे मासे किनाऱ्यालगतच्या समुद्रात, खाड्यांमध्ये आणि नदीमुखांत वावरतात.

नावामागील योगायोग

एगर्टोनिया हे नाव सर फिलिप ग्रे एगर्टन या ब्रिटिश अभ्यासकाच्या सन्मानार्थ इटलीचे भूशास्त्रज्ञ इजिनो कोक्की यांनी १८६० च्या दशकात दिले. एगर्टन हे ब्रिटिश संसदेचे सदस्य होते आणि माशांच्या जीवाश्मांचा संग्रह हा त्यांच्या आयुष्यभराचा ध्यास होता.

याच एगर्टन यांचा तमिळ किनाऱ्याशी त्याआधीच संबंध आला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात सेवेत असलेले के आणि कन्लिफ या दोघांनी पुदुच्चेरी, वृद्धाचलम आणि तिरुचिरापल्ली परिसरातील खडकांतून जीवाश्म गोळा करून लंडनला पाठवले होते. त्यातील शंख-शिंपल्यांचा अभ्यास एडवर्ड फोर्ब्स यांनी केला, तर पुदुच्चेरीच्या माशांच्या अवशेषांचे वर्णन एगर्टन यांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केले. दक्षिण भारताच्या या प्राचीन समुद्रातील माशांवर लिहिणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी ते एक. पुढे त्यांच्याच नावाची माशाची प्रजाती जवळपास पावणेदोनशे वर्षांनी त्याच खोऱ्यातील खडकांत सापडली.

महाराष्ट्राच्या दृष्टीनेही एगर्टन हे नाव परके नाही. प्राणहिता नदीच्या काठी, सिरोंचाजवळच्या कोटा येथील खडकांतून मिळालेल्या ज्युरासिक काळातील माशांचे वर्णनही त्यांनीच केले. कर्नल साइक्स यांनी १८५१ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीपुढे मांडलेला ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’ हा त्यापैकी प्रसिद्ध मासा. त्याच्या नावातच दख्खन आहे.

तंजावरखालचा समुद्र

तंजावरचा परिसर म्हणजे कावेरीच्या गाळाची सपाट, भातशेतीने हिरवी झालेली भूमी. येथे खडक क्वचितच दिसतो. मग समुद्राचे खडक आहेत कुठे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर म्हणजे ते पायाखाली खोलवर गाडले गेले आहेत.

भारताचा भूभाग एकेकाळी गोंडवन या महाखंडाचा घटक होता. हे महाखंड दुभंगू लागले तेव्हा भारताच्या पूर्व किनाऱ्याचे कवच ताणले जाऊन त्याला भेगा पडल्या, काही पट्टे खचले आणि त्यांत गाळ साचू लागला. अशा रीतीने कावेरीचे भूशास्त्रीय खोरे तयार झाले. हे खोरे अनेक उपखोऱ्यांत विभागलेले असून त्यांपैकी एकाचे नावच तंजावर उपखोरे आहे. या भागात खनिज तेल व वायूसाठी ‘ओएनजीसी’ने खोदलेल्या विहिरी याच गाडल्या गेलेल्या थरांपर्यंत पोहोचतात. खोऱ्याच्या पश्चिम कडेला, म्हणजे अरियलूर आणि पेरंबलूर जिल्ह्यांत, हेच काळाचे थर जमिनीवर उघडे पडले आहेत. त्यामुळे तंजावरच्या पोटात काय दडले आहे हे पाहायचे असेल तर कोल्लिडमच्या पलीकडे जावे लागते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे हेन्री ब्लॅनफर्ड यांनी या खडकांचा सविस्तर अहवाल १८६२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर फर्डिनांड स्टोलिच्का यांनी त्यांतील शंख, शिंपले आणि इतर प्राण्यांचे वर्णन करणारे खंड सिद्ध केले. तेव्हापासून क्रिटेशस कालखंडाच्या अभ्यासकांसाठी हा परिसर जगातील महत्त्वाच्या स्थळांपैकी एक ठरला आहे.

या थरांतून समुद्राची चढउतार वाचता येते. तळाकडच्या ‘करै’ थरात खोल पाण्यातील चिकणमाती आहे. त्यात शार्क माशांचे दात सापडले असून कवच चिरडणाऱ्या ‘टायकोडस’ या शार्कसदृश माशाच्या दातांची नोंद २०१२ मध्ये झाली. बऱ्याच वरच्या ‘कल्लनकुरिच्ची’ थरात शिंपल्यांनी भरलेला उथळ समुद्रातील चुनखडक आहे. त्याच्याही वर ‘कल्लमेडू’ थरातील वाळू आणि माती येते. येथे समुद्र मागे हटलेला दिसतो आणि नद्यांनी आणलेला गाळ आढळतो. हा थर क्रिटेशसच्या अगदी अखेरच्या ‘मास्ट्रिख्टियन’ टप्प्यातील, म्हणजे सुमारे ७ कोटी २० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळातील आहे. एगर्टोनियाचा अवशेष या थरात मिळाला.

कल्लमेडूचे शेजारी

त्या काळी भारत आशियाला जोडलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे असलेले हे भूखंड उत्तरेकडे सरकत होते आणि मादागास्करपासून ते सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी विलग झाले होते. अशा एकाकी भूमीवर कोणते प्राणी होते, ते कुठून आले, हा जीवाश्म अभ्यासकांपुढील मोठा प्रश्न आहे.

भारतातील या काळाचे बहुतांश पृष्ठवंशीय जीवाश्म मध्य व पश्चिम भारतात, दख्खनच्या लाव्हाच्या खाली किंवा लाव्हाथरांच्या मध्ये असलेल्या गाळात मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव हे त्यांपैकी एक नामांकित स्थळ आहे. तेथील माशांचे वर्णन आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये केले. त्यांत ‘इओसेरॅनस हिस्लोपी’ हा छोटा मासा होता. नागपुरात राहून विदर्भातील जीवाश्म गोळा करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव त्याला देण्यात आले. त्याच्यासोबत ‘पिक्नोडस लॅमेटी’ हा कवच फोडणारा मासा आणि ‘लेपिडोस्टियस इंडिकस’ हा गार माशाचा नातेवाईकही होता. गार मासे आज उत्तर व मध्य अमेरिका आणि क्युबाबाहेर आढळत नाहीत. म्हणजे ज्या काळात अरियलूरच्या किनाऱ्यावर एगर्टोनिया शिंपले फोडत होता, साधारण त्याच काळात चंद्रपूरच्या गोड्या पाण्यातही असेच दात असलेला दुसरा मासा वावरत होता.

मात्र दक्षिणेतून या काळाची माहिती अत्यंत तुटपुंजी होती. ती पोकळी कल्लमेडू भरून काढत आहे. २०१३ मध्ये प्रसाद आणि सहकाऱ्यांनी येथून मादागास्करच्या ‘सिमोसुकस’ या आखूड तोंडाच्या मगरवर्गीय प्राण्याशी जुळणाऱ्या दाताची नोंद केली. त्याच वर्षी गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी एका लहान दातावरून ट्रूडॉन्टिड गटातील डायनासोरचे अस्तित्व सुचवले. या यादीत एगर्टोनियाची भर पडल्याने किनारी पाण्यातील जीवनाचाही धागा हाती लागला.

असे इवले अवशेष नजरेने टिपता येत नाहीत. अभ्यासक जीवाश्म असलेली माती पोत्यांनी गोळा करतात, ती पाण्यात भिजवून बारीक चाळण्यांमधून धुतात आणि उरलेला चाळ वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली कण कण निवडतात. तांदूळ निवडण्यासारखेच हे काम. पोतेभर मातीतून कधी एखादा दात मिळतो, कधी काहीच नाही.

महाकाय हरपला

याच कल्लमेडू थराने काही दशकांपूर्वी एक महाकायही दिला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे यादगिरी आणि अय्यासामी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘बृहत्कायोसॉरस मॅटलेई’ या डायनासोरचे वर्णन केले. ‘बृहत्काय’ हा संस्कृत शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या नडगीच्या हाडाची लांबी सुमारे दोन मीटर नोंदवली गेली होती. प्रारंभी तो मांसभक्षी मानला गेला. नंतर तो लांब मानेच्या, वनस्पतीभक्षी टायटॅनोसॉर गटातील असल्याचे मत रूढ झाले. त्याच्या वजनाची तुलना काही अभ्यासकांनी निळ्या देवमाशाशी केली आहे.

परंतु हे सारे अंदाज आज पडताळून पाहता येत नाहीत. ती हाडे ठिसूळ होती. त्यांचा भुगा झाला असून ती आता अस्तित्वात नाहीत, असे २०१७ मध्ये जाहीर करण्यात आले. ती खरोखर हाडे होती की अश्मीभूत लाकूड, अशीही शंका मधल्या काळात घेतली गेली. २०२२ मध्ये उत्खननाच्या वेळची जुनी छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर ती डायनासोरचीच असल्याच्या मताला बळ मिळाले. मात्र छायाचित्र हे हाडाची जागा घेऊ शकत नाही. पृथ्वीवर चाललेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक कदाचित तंजावरपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर वावरला असेल. तरी ते ठामपणे सांगण्यासाठी लागणारा पुरावा उरलेला नाही.

माशाच्या दंतपट्टिकेचे तसे झाले नाही. ती आकाराने लहान आणि घडणीने कठीण होती, हे खरे. पण ती काळजीपूर्वक चाळली गेली, तिची नोंद झाली, तिचे वर्णन झाले आणि ती जपली गेली. उद्या कुणाला या ओळखीबद्दल शंका आली तर तिची पुन्हा तपासणी करता येईल. विज्ञानात पुराव्याचे मोल त्याच्या आकारावर नव्हे, तर या फेरतपासणीच्या शक्यतेवर ठरते.

आणखी एक बाब उल्लेखनीय आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशात पक्षी वगळता सर्व डायनासोर नष्ट झाले. एगर्टोनियाचे दात मात्र त्यानंतरच्या इओसीन काळातील, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या लंडनच्या चिकणमातीतही सापडतात. म्हणजे बृहत्कायोसॉरसचा वंश ज्या संकटात संपला, त्यातून ही माशांची प्रजाती तरली आणि नंतर केव्हातरी लुप्त झाली.

जपणुकीचा प्रश्न

अरियलूरची आजची ओळख सिमेंट उद्योगामुळे आहे. प्राचीन शिंपल्यांनी बनलेला चुनखडक हाच या उद्योगाचा कच्चा माल. खाणींमुळे जमिनीखालचे थर उघडे पडतात आणि अभ्यासकांना ते पाहता येतात. त्याच खाणींमुळे ते थर जीवाश्मांसह दळलेही जातात. रोजगार आणि वारसा यांचा तोल साधणे त्यामुळे येथे केवळ विद्वानांपुरते मर्यादित राहत नाही.

जतनाची चांगली उदाहरणेही याच परिसरात आहेत. पेरंबलूर जिल्ह्यातील सातनूर येथे १८ मीटरहून अधिक लांबीचे अश्मीभूत झाड राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपले आहे. ते १९४० मध्ये तंजावर परिसरात जन्मलेले भूशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. कृष्णन यांनी उजेडात आणले. पुढे भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे पहिले भारतीय प्रमुख होण्याचा मान त्यांना मिळाला. अरियलूरजवळ वारणवासी येथे जीवाश्म संग्रहालयही उभे राहिले आहे.

कायद्याच्या पातळीवर मात्र अपुरेपणा आहे. पुरातन मंदिरे व शिलालेखांना जसे स्पष्ट कायदेशीर संरक्षण आहे तसे जीवाश्मस्थळांसाठी स्वतंत्र संरक्षण असावे, अशी मागणी भूशास्त्रज्ञ दीर्घकाळ करत आले आहेत. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा स्थळे आणि भू-अवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, तो याच मागणीच्या पार्श्वभूमीवर.

सामान्य नागरिकाचाही यात वाटा आहे. पेरंबलूर जिल्ह्यातील कुन्नम येथे २०२० मध्ये सापडलेले गोलाकार दगड डायनासोरची अंडी असल्याची चर्चा समाजमाध्यमांवर पसरली होती. तज्ज्ञांनी तपासल्यावर ते अमोनाइट या समुद्री प्राण्याशी संबंधित गाळाचे गोळे असल्याचे स्पष्ट झाले. उत्साहात दगड घरी नेला की तो कोणत्या थरात, कोणत्या जागी होता ही माहिती कायमची हरवते, आणि त्या माहितीविना जीवाश्माचे निम्मे मोल जाते. त्यामुळे संशयास्पद अवशेष आढळल्यास तो न हलवता जागेची नोंद करावी, छायाचित्र घ्यावे आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या कार्यालयास किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागास कळवावे. महाराष्ट्रातील वाचकांसाठी असे कार्यालय नागपुरात आहे, आणि डोंगरगावसारखी स्थळेही तेथून फार दूर नाहीत.